वाचकांचे प्रश्न : 69 रुपयांचा हिशेब

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की घरपट्टी ऑनलाइन घ्यायला लागल्यापासून पालिकेचा खर्च वाढला की कमी झाला. मी उत्तरात लिहिलं होतं की हे पालिकेला विचारा, तो तुमचा हक्क आहे. त्यावर आलेल्या पत्रांतून एकच गोष्ट फिरून फिरून आली: हक्क आहे हे कबूल, पण विचारायचं कुणाला आणि कोणता कागद मागायचा? सदर नव्याने वाचणाऱ्यांना सांगते, मी स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यात 31 वर्षं काढली. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिकांची दप्तरं तपासली. त्यामुळे माझं बोट आधी देयकावर जातं, घोषणेवर नाही. पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढला. केंद्रावर 200 रुपये घेतले आणि पावती दिली 69 ची. अर्ज ऑनलाइन, दाखला मोबाइलवर आला, प्रिंटसुद्धा मीच काढली. मग 69 तरी कशाचे?
*एक पालक, सोलापूर जिल्हा*

उत्तर : पावतीवरच्या 69 बद्दल आधी सांगते, कारण त्याचा हिशेब मांडता येतो. एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने आपले सरकार सेवा केंद्रांवरचं सेवा शुल्क 20 रुपयांवरून 50 केलं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9 रुपये. कोर्ट फी स्टॅम्पचे 10. झाले 69. घरात जुनी 33 रुपये 60 पैशांची पावती सापडली तर तीही अशीच सोडवून पाहा: 20, त्यावर 3.60, आणि 10.

आता हे 50 कुठे जातात ते. केंद्रचालकाला 32 रुपये 50 पैसे, महाआयटी या राज्य सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीला 10, जिल्हा सेतू सोसायटीला 5 आणि राज्य सेतू केंद्राला अडीच. शासन निर्णयात ही वाटणी टक्क्यांत दिलेली आहे आणि तो कुणालाही वाचता येतो. इथवर सगळं उघड आहे, आणि ते चांगलं आहे.

पावतीबाहेरच्या 131 रुपयांचं मात्र सरळ आहे. झेरॉक्स, स्कॅनिंग यांचे पैसे घेतले असतील तर त्याची वेगळी पावती मागा. देत नसतील तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा, त्यात पावतीवरचा अर्ज क्रमांक लिहा. दरपत्रक केंद्राच्या दर्शनी भागात लावलेलं होतं का, हेही लिहा. तोंडी भांडून परत येऊ नका. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते, तेव्हा पालक घाईत असतात आणि तक्रार करायला कुणी मागे वळत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं.

पण तुम्ही विचारलंय, '69 तरी कशाचे?' ही जी फोड मी दिली ती आहे वाटणी. एक दाखला तयार व्हायला सरकारला किती खर्च आला, हे त्यातून कळत नाही. नायब तहसीलदारांच्या लॉगिनला गेलेला वेळ आहे, सर्व्हर आहे, एसएमएस आहेत, सॉफ्टवेअरची वार्षिक देखभाल आहे. त्यातलं काही तुमच्या 69 मधून भागतं, काही तिजोरीतून जातं. या दोन रकमा एका कागदावर आल्या की खर्च कळेल, आणि तसा कागद माझ्या हाती कधी पडला नाही. शुल्क 20 चं 50 केलं तेव्हा खर्च किती वाढला होता, हा आकडा वाढीबरोबरच लोकांसमोर ठेवायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. दूध संघसुद्धा लिटरमागे दोन रुपये वाढवताना पशुखाद्य किती महागलं ते सांगतो.

हे करता येत नाही असं नाही. ब्रिटनच्या सरकारने गेल्या दशकात आपल्या डिजिटल सेवांना चार आकडे मोजायला लावले होते: एका व्यवहारामागचा खर्च, वापरणाऱ्याचं समाधान, अर्ज सुरू करणाऱ्यांपैकी किती जणांचा पूर्ण झाला, आणि खिडकीऐवजी ऑनलाइन किती जण आले. ते आकडे लोकांना पाहता येत. आपल्याकडे 'इतके लाख दाखले वितरित' हा आकडा झळकतो. अर्ज अर्धवट सोडून किती जण उठले, हा झळकत नाही.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आले आहे. जुनी कागदपत्रं चाळताना दिसलं की गावातल्या सेवा केंद्रापोटी दरमहा 12,331 रुपये जात होते. केंद्रावरचा मुलगा म्हणतो की त्याला महिन्याला 6,000 मिळायचे, तेही चार-चार महिन्यांनी. ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणाले, 'वरून पत्र येतं, रक्कम वर्ग करावी लागते, आपल्या हातात काही नाही.' खरंच काही नसतं का?
*ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा*

उत्तर : ताई, जुनी कागदपत्रं चाळलीत हेच फार मोलाचं आहे. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात दप्तर उघडणारे सदस्य मी फार थोडे पाहिले.

हा 12,331 चा आकडा तुमच्याच गावचा नाही. 2016 मध्ये ग्रामपंचायतींत आपले सरकार सेवा केंद्रं बसवली, त्या व्यवस्थेत प्रत्येक केंद्रापोटी दरमहा एवढी रक्कम ठरलेली होती आणि ती वित्त आयोगाच्या निधीतून जात होती. वर्षाचे 1,47,972 रुपये होतात. त्यातून संगणक परिचालकाचं 6,000 प्रमाणे वर्षाचं मानधन 72,000. उरले 75,972. म्हणजे परिचालकाला गेले त्यापेक्षा जास्त रक्कम इतर बाबींना. लहान ग्रामपंचायतीला ही रक्कम एक गटार बांधण्याइतकी आहे.

यावरून लगेच 'खाल्ले' म्हणू नका. केंद्राला कागद लागतो, प्रिंटरची कार्ट्रिज लागते, प्रशिक्षण असतं, सॉफ्टवेअर असतं, कर असतो. हे सगळे खर्चाचे खरे विषय आहेत. आक्षेप कुठे निघतो ते सांगते. कार्ट्रिजपोटी रक्कम घेतली, तर कार्ट्रिज गावात आली पाहिजे. आली असेल तर साठा नोंदवहीत तिची नोंद असेल, तारीख आणि सही असेल. नोंद नाही आणि वस्तूही नाही, तर रक्कम वसूलपात्र. लेखापरीक्षणात याहून वेगळी विद्या नाही.

'आपल्या हातात काही नाही' हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं की त्याचं उत्तर मला पाठ आहे: रक्कम वर्ग करायचं पत्र वरून येतं, पण सेवा मिळाल्याचा दाखला खालूनच जायला हवा. तो कुणी दिला, ते शोधा. महिन्याच्या रकमेपुढे 'केंद्र महिनाभर सुरू होतं, साहित्य मिळालं' असं कुणाच्या सहीने लिहिलं आहे? तुमच्या सरपंचांच्या? ग्रामसेवकांच्या? की वर तालुक्याला कुणी बसल्या जागी सगळ्या गावांचा एकच दाखला दिला? शेवटचं असेल तर ते मासिक सभेच्या इतिवृत्तात येऊ द्या.

तुम्ही सदस्य आहात, खर्चाला मंजुरी मासिक सभेतच होते. पुढच्या सभेला लेखी पत्र द्या की सेवा केंद्रावरच्या खर्चाची प्रमाणकं म्हणजे बिलं-पावत्या, साहित्याची साठा नोंद आणि त्या काळात केंद्रातून निघालेल्या दाखल्यांची महिनावार संख्या सभेपुढे ठेवावी. रोकड वही म्हणजे नमुना 5 सोबत आणायला सांगा. दाखल्यांची संख्या विसरू नका. वर्षाला दीड लाख खर्च आणि दाखले 3,000 निघाले तर दाखल्यामागे 50 रुपये पडले. 300 निघाले तर 500 पडले. हा भागाकार ग्रामसभेत फळ्यावर मांडला की म्हाताऱ्या आजींनाही कळतो, मोठ्या भाषणाची गरज राहत नाही.

आणखी एक. ई-ग्रामस्वराज हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ 2020 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडत गेलात की तुमच्या पंचायतीचा आराखडा आणि जमाखर्च दिसतो. तिथली रक्कम आणि दप्तरातली रक्कम जुळते का, ते एका शांत दुपारी बसून पाहा. परिचालक मुलाला शेजारी बसवा. त्याच्यावर आरोप नाही, हे त्याला आधी सांगा, कारण या सगळ्या व्यवस्थेत गावाच्या शिव्या खाणारा तोच होता आणि पगार उशिरा मिळणाराही तोच.

प्रश्न : आमच्या नगरपालिकेने कर भरणा आणि दाखल्यांसाठी एका खासगी कंपनीला काम दिलं आहे. महिन्यातून चार दिवस सेवा बंद असते. मी माहिती अधिकारात कराराची प्रत मागितली. उत्तर आलं: 'व्यापारी गुपित असल्याने कलम 8(1)(घ) नुसार नाकारण्यात येत आहे.' पुढे काय करू?
*निवृत्त शिक्षक, खानदेश*

उत्तर : सर, पुढे पहिलं अपील करा. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. अपिलात तीन मुद्दे घ्या. तेच कलम म्हणतं की व्यापक लोकहित असेल तर अशी माहितीही द्यायची. दुसरं, कलम 10 म्हणतं की कागदातला एखादा भाग खरोखर गुप्त असेल तर तेवढा झाकून बाकीचा द्या. सगळा कागद गुप्त होत नाही. तिसरा मुद्दा कलम 4 चा. प्रत्येक कार्यालयाने आपला अर्थसंकल्प आणि दिलेल्या रकमांचा अहवाल कुणी न मागता प्रसिद्ध करायचा आहे.

आणि हेही लिहा की देशातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक असलेला असा करार किती रकमेचा, हे सगळ्या देशाला माहीत आहे. आयकर विवरणपत्रांच्या नव्या यंत्रणेसाठी जानेवारी 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जवळपास 4,242 कोटी रुपये मंजूर केले आणि ते जाहीर केलं. काम इन्फोसिसकडे. 7 जून 2021 ला पोर्टल सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून अडखळलं. जुलैमध्ये लोकसभेत सरकारने सांगितलं की जानेवारी 2019 ते जून 2021 या काळात कंपनीला 164.5 कोटी दिले आहेत. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. पोर्टल कसं होतं त्यावर लोकांनी खूप लिहिलं, मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: मंजूर किती आणि प्रत्यक्ष दिले किती, हे दोन्ही आकडे सभागृहात आले, म्हणून जाब विचारता आला. हजारो कोटींचा आकडा गुपित नाही, मग नगरपालिकेच्या काही लाखांचा कसा?

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. करार मिळाला तरी त्यावर थांबू नका. करारात सगळं छान लिहिलेलं असतं. देयकं मागा.

एका नगरपालिकेचं लेखापरीक्षण आठवतं. तिथेही असंच काम बाहेर दिलेलं होतं. करारात अट होती की महिन्यात ठरावीक तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर त्या प्रमाणात देयकातून वजावट. अट उत्तम. मी अकरा महिन्यांची देयकं काढली. प्रत्येकाला एक छापील पान जोडलेलं, कंपनीच्याच लेटरहेडवर, आणि त्यात रकाना: 'बंद कालावधी'. अकराही पानांवर एकच शब्द, 'निरंक', म्हणजे शून्य. खाली खात्याचा शिक्का, 'सेवा समाधानकारक', आणि सही. पूर्ण रक्कम अदा.

दुपारी चहाला बाहेर पडले तर नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीशी रांग ताटकळलेली. आत बसलेल्या लिपिकबाई काचेमागून हात जोडत होत्या. मी आत गेले. त्यांच्या खणात एक लांबट नोंदवही होती, पोस्टात असते तशी, कोपरे दुमडलेले. जांभळ्या बॉलपेनने त्यांनी रोज लिहिलेलं: 'स. बंद 11.20 ते 3.45.' 'दिवसभर बंद, 38 लोक परत.' एका पानावर, 'एका गृहस्थांनी फाइल फेकली.' हे कुणी सांगितलं म्हणून लिहीत होत्या असं नाही. लोक साहेबांकडे तक्रार करत, साहेब यांना विचारत, म्हणून स्वतःच्या बचावाला लिहीत होत्या. मी ती वही आणि देयकं शेजारी ठेवून तास मोजत बसले. फेब्रुवारीत वहीत 41 तास बंद. देयकात निरंक.

आक्षेप लिहिला, वजावटीची रक्कम काढली, वसूलपात्र म्हणून दाखवली. तीन वर्षांनी अनुपालन, म्हणजे आक्षेपाला खात्याचं उत्तर, आलं: 'सदर नोंदवही ही अधिकृत अभिलेख नसल्याने आक्षेप वगळण्यात यावा.' त्या एका ओळीने मी आजही अस्वस्थ होते. जी व्यक्ती खिडकीशी बसून बंद पडलेली सेवा डोळ्यांनी पाहत होती, तिची नोंद अनधिकृत, आणि ज्याला पैसे घ्यायचे आहेत त्याने स्वतःबद्दल लिहिलेला 'निरंक' अधिकृत. रस्त्याच्या कामात असं चालत नाही. तिथे मोजमाप पुस्तिका कंत्राटदार लिहीत नाही, अभियंता लिहितो, आणि वरचा अधिकारी जागेवर जाऊन टेप लावतो. ऑनलाइन सेवेची मोजमाप पुस्तिका मात्र कंत्राटदाराच्याच हातात राहिली आहे.

म्हणून सर, नवा अर्ज असा करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा पाल्हाळ नको. मागच्या बारा महिन्यांची देयकं, प्रत्येकाला जोडलेला सेवा मिळाल्याचा दाखला, बंद कालावधीचा अहवाल आणि तो कुणी तयार केला, आणि केलेली वजावट. एवढंच. 10 रुपयांचा अर्ज, पानाला 2 रुपये. 30 दिवस उलटले तर प्रती फुकट द्याव्या लागतात. आणि त्याआधीच पाहायचं असेल तर नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना वही आणि पेन्सिल न्या, आणि त्या महिन्यातल्या स्थानिक वर्तमानपत्रांत 'सर्व्हर डाऊन, नागरिक हैराण' असं छापून आलेली कात्रणं न्या. तारीख शेजारी ठेवली की बोलायला फार लागत नाही.

प्रश्न : वडिलांचा अर्ज भरायला सहा वेळा गेलो. प्रत्येक वेळी 'साइट चालत नाही'. सातव्यांदा भरला. सेवा हक्क कायद्यात 15 दिवसांची मुदत आहे म्हणतात. ती पहिल्या फेरीपासून धरायची का?
*एक वाचक, पालघर जिल्हा*

उत्तर : नाही, आणि हीच खरी पळवाट आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये मुदत मोजायला सुरुवात होते ती अर्जाची पोच मिळाल्यावर. पोचेवर अर्ज क्रमांक असतो, तिथून दिवस. त्यानंतर उशीर झाला तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती. कायदा चांगला आहे. पण साइट बंद असली की क्रमांकच पडत नाही, आणि क्रमांक नाही म्हणजे कागदावर तुम्ही आलाच नव्हता. तुमच्या सहा फेऱ्या, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, यातलं काही कुठल्याही अहवालात जात नाही, म्हणून 'मुदतीत निकाली' ही टक्केवारी इतकी छान दिसते.

ही पळवाट बंद होईपर्यंत एक करा. साइट बंद असेल तर कार्यालयाच्या आवक विभागात साध्या कागदावर अर्ज द्या: 'आज अमुक वेळी ऑनलाइन सेवा बंद असल्याने अर्ज सादर करता आला नाही, सबब हा अर्ज स्वीकारावा.' दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. घ्यायला नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा. त्या शिक्क्यावर अपिलात भांडता येतं, आठवणीवर येत नाही.

प्रश्न : मी केंद्र चालवते. एका पोर्टलवर माझ्या वॉलेटमधून पैसे कापले जातात पण अर्ज तयार होत नाही. समोरच्या माणसाला मी पदरचे पैसे परत देते. तक्रार केली की 'तुमचं नेट चेक करा, बाकी कुणाची तक्रार नाही' असं सांगतात. पैसे कधी तीन आठवड्यांनी येतात, कधी येतच नाहीत. मागच्या महिन्यात 1,100 रुपये असे गेले. तुम्ही केंद्रचालकांवर लिहाल तर आमचीही बाजू लिहा.
*केंद्रचालक, यवतमाळ जिल्हा*

उत्तर : ताई, लिहिते. दाखल्यामागे 32 रुपये 50 पैसे तुमच्या वाट्याला. 1,100 म्हणजे जवळजवळ 34 दाखल्यांची कमाई. त्यातून दुकानाचं भाडं, वीज, इन्व्हर्टर, नेट. पहिल्या पत्रातल्या पालकाकडून 131 जादा घेणाऱ्याची मी बाजू घेणार नाही, पण यंत्रणेच्या चुकीचा भुर्दंड सगळ्यात शेवटच्या माणसाने भरायचा, ही पद्धतही मला मान्य नाही.

'बाकी कुणाची तक्रार नाही' हे वाक्य वाचून मला ब्रिटनमधलं एक प्रकरण आठवलं. तिथल्या टपाल खात्याने 1999 पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली, फुजित्सू कंपनीची. खेड्यापाड्यांतली छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. प्रणालीत दोष होते, पण खातं म्हणालं की तूट तुम्ही भरा. मदतीला फोन केला की कित्येकांना सांगितलं जायचं, तुम्ही एकटेच आहात. लोकांनी घरं गहाण टाकली. 900 हून जास्त जणांना चोर ठरवून शिक्षा झाल्या. 2019 मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्यातल्या बहुतेक शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ती माणसं एकत्र आली, एकमेकांचे आकडे जुळवून पाहिले, तेव्हा कळलं की एकटं कुणीच नव्हतं.

तुमची 1,100 ची गोष्ट तेवढी मोठी नाही, पण वळण तेच आहे. उपाय मी त्या लिपिकबाईंकडून शिकले, तो सांगते. एक वही घाला. दोनशे पानी, बांधीव, सुटी पानं नकोत. पहिल्या पानावर केंद्राचं नाव आणि 'या वहीत पानं 1 ते 200' असं लिहून तारीख टाका आणि सही करा. आत रकाने आखा: तारीख, किती वाजता बंद, किती वाजता सुरू, किती जण परत गेले, वॉलेटमधून कापलेली रक्कम, व्यवहार क्रमांक, तक्रार क्रमांक, रक्कम परत आल्याची तारीख. परत गेलेल्या माणसाची जमली तर सही घ्या. रोज लिहा, आठवड्याचं एकदम लिहू नका, शाई सांगते. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा, व्हाइटनर नको.

आणि जे माझ्या लिपिकबाईंच्या वहीला मिळालं नाही ते तुमच्या वहीला मिळवून देऊ. दर महिन्याच्या 1 तारखेला मागच्या महिन्याच्या पानांच्या झेरॉक्सला एक साधं पत्र जोडा आणि तहसील कार्यालयात व जिल्हा सेतू सोसायटीच्या नावे जिल्हाधिकारी कार्यालयात आवक करा. शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. आवक शिक्का लागला की तो कागद त्यांच्या दप्तरातला झाला. उद्या कुणी लेखापरीक्षक बसला आणि देयकात 'निरंक' दिसलं, तर आवक नोंदवहीतून तुमचं पत्र निघेल, आणि ते अनधिकृत आहे असं लिहायला कुणाला जागा राहणार नाही. तुमच्या तालुक्यात आणखी चार-पाच केंद्रं असतील. त्यांनाही हेच रकाने द्या. एकाच दिवशी, एकाच वेळी पाच वह्यांत 'बंद' असेल तर नेट कुणाचं खराब होतं ते दिसेलच.

वहीचं पहिलं पान भरलं की त्याचा फोटो मला या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. रकाना कमी पडत असेल तर तेही कळवा, पुढच्या अंकात सुधारून छापते.